एकेचाळीस नंबरची बाटली

शकूमावशी,

परवा तुझा दहावा झाला. गोदावरीवरून परत आलो आणि सगळे तुझ्या आरोग्य उपकेंद्रासमोरच्या लिंबाखाली टेकले. चहा आला. आणि जे होणार हे मला माहीत होतं, तेच पाचव्या मिनिटाला झालं. गयाबाई पदरानं डोळे पुसत होती, ती पुसता पुसता हसायला लागली. "आन् त्या बाटल्या?" एवढंच म्हणाली. बस्स. ज्यांच्या तोंडाला सकाळपासून पाणी लागलं नव्हतं तेही हसू लागले. एवढी हुशार सिस्टर, उभ्या नोकरीत एका इंजेक्शनाची चूक नाही, आणि बाटल्या धुवायच्या नाहीत एवढं साधं सांगायला विसरली! कुणीतरी तुझी नक्कल केली, कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून. नक्कल चांगली होती. तूही हसली असतीस.

मी कप हातात धरून बसले होते. ती चूक तुझी नव्हती, माझी होती. हे जगात आपल्या दोघींनाच ठाऊक आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्यातली एक गेली, म्हणजे आता मी गप्प बसले की झालं. असा विचार माझ्या मनात आला हे तुला सांगायला लाज वाटते, पण आला.

पुढं काय केलं ते सांगते, पण शेवटी. बाया तुझ्याकडे दुखणं घेऊन यायच्या तेव्हा तू म्हणायचीस, "आधी कवापासून, मंग कुठं, मंग काय. एकदम रडू नको." तशीच सांगते.

कवापासून? आपला जालना जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हापासून. आमचं घर अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत. मळीच्या वासानं वैतागून मी उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघायची. सुट्टी लागली की आई मला घनसावंगीच्या जीपमध्ये कोंबायची आणि मी तुझ्या क्वार्टरमध्ये येऊन पडायची. पुढची खोली सरकारची, मागची तुझी. पुढच्या खोलीत टेबलावर स्पिरीटचा दिवा, लाकडी चिमटा आणि काचेच्या नळ्यांचा स्टँड. पोटुशी बाई आली की तू तिची लघवी नळीत घ्यायचीस आणि दिव्यावर धरायचीस. मला वाटायचं, माझी मावशी जादूगार आहे. लोकांना वाटायचं, हिला कशाचीच घाण वाटत नाही.

नववीत असताना तू चिमटा माझ्या हातात दिलास. "बूड तापवू नको, वरचं तापव. खालचं तसंच राहू दे, म्हंजी दोन्हीतला फरक दिसंल." मी वरचं तापवलं. दुधाचा हात लागावा तसं पांढरं झालं. मी ओरडलेच, "मावशी, हिला अल्ब्युमिन आहे!" म्हणजे अंगातलं प्रथिन लघवीतून जातंय, किडनीला धोका. समोर ती बाई पोटावर हात ठेवून बसलेली. तू माझ्याकडे असं पाहिलंस की नळी हातातून पडायची बाकी होती. मग बाटलीतून आंबूस वासाच्या ॲसिडचे दोन-तीन थेंब नळीत टाकलेस. पांढरं होतं ते बघता बघता विरघळून गेलं. नळी पुन्हा पाण्यासारखी.

"काई न्हाई, क्षार हायेत," तू त्या बाईला सांगितलंस आणि ती गेल्यावर माझ्याकडे वळलीस. "पांढरं दिसलं की माणसाला घाबरवायचं न्हाई. आधी थेंब टाकून बघायचं. विरघळलं तर काई न्हाई. राह्यलं तर मंग खरं. आन् थेंब टाकायच्या आधी तोंड बिलकुल बंद."

मावशी, मी पुढं एम.एस्सी. केलं, पीएच.डी. केली, मोठमोठ्या पुस्तकांतून हेच शिकले. पण इतक्या कमी शब्दांत मला ते पुन्हा कुणी सांगितलं नाही. आणि शिकून मी काय केलं, तर बरोबर ऐन वेळी विसरले.

मुंबईच्या प्रयोगशाळेत लागले आणि माझ्या वाट्याला काम आलं ते माणसाच्या लघवीतलं युरेनियम मोजण्याचं. ही बातमी द्यायला पेढे घेऊन तुझ्याकडे आले होते. तू पेढा तोंडात टाकलास, दोन मिनिटं विचार केलास आणि म्हणालीस, "म्हंजी बारा गावचं पानी पिऊन शेवटी तू मुतापाशीच आलीस." तुझ्यासमोर बसलेली बाई हसून हसून आडवी झाली. मी चिडले. मग तुला समजावून सांगायला बसले. युरेनियम काही फक्त खाणीत नसतं. मातीत असतं, विहिरीच्या पाण्यात असतं, गव्हात असतं, म्हणून आपल्या सगळ्यांच्या लघवीतही असतं. पण किती, तर एका लिटरमध्ये ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा हिशोब. युरेनियमचं काम करणाऱ्या कामगाराच्या अंगात ते जास्त गेलंय का हे कळायचं असेल, तर आधी साध्या माणसाच्या अंगात किती असतं हे ठाऊक पाहिजे. त्यासाठी मशीन आहे. लघवीचा बारीक फवारा भयंकर तापलेल्या ज्वाळेत सोडायचा. त्यातल्या कणांचे अणू सुटे होतात, विजेचा भार घेतात आणि मशीन त्यांना वजनाप्रमाणे वेगळं करून मोजतं. निसर्गातल्या अणूंत युरेनियमचा अणू सगळ्यांत जड, म्हणून तो लपत नाही.

"पाखडायचं मशीन हाय," तू म्हणालीस.

"हो, तसंच."

"मंग साधी मान्सं पाह्यजेत ना तुला? घे की माझ्या गावची. यांच्याहून साधी कुठं भेटतील?"

आमच्या सरांना कल्पना आवडली. मी चाळीस बाटल्या आणि अडीअडचणीला एक जास्तीची, अशा ॲसिडात बुडवून, शुद्ध पाण्यानं धुऊन, वाळवून, झाकणं घट्ट लावून आणल्या. सोबत सूचनांचा मराठी कागद, माझ्या हातानं लिहून झेरॉक्स काढलेला. सकाळची पहिली लघवी घ्यावी. बाटली गळ्यापर्यंत भरू नये. झाकण घट्ट लावावं. नाव, वय, पाणी कुठलं पितात ते लिहावं. असल्या नऊ सूचना. तू तो कागद चष्मा लावून दोनदा वाचलास. "एवढंच ना? का आजून काई?" मी म्हणाले, "एवढंच." हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

तू घरोघरी कागद वाटत हिंडलीस. कागदावर होतं तेवढंच सांगितलंस, शब्दाला शब्द. एरवी कुणी परका येऊन लघवी द्या म्हणाला असता तर लोकांनी त्याला वेशीबाहेर घालवलं असतं. तुला चाळीसच्या चाळीस बाटल्या दोन दिवसांत भरून आल्या. बर्फाच्या डब्यात घालून त्या आपण वडीगोद्रीला आणल्या, तू मला बसमध्ये बसवून द्यायला आलीस. कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय आहे? मी "औषध" म्हणणार तोच तू मोठ्यानं म्हणालीस, "मूत हाय, चाळीस जनांचं. सीटाखाली ठिवू का वर टाकू?" पुढची सगळी वाट माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. पाय पसरून गेले मी.

आकडे आले आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तेरा बाटल्यांत युरेनियम इतरांच्या कितीतरी पट. तेराही घरं शाळेजवळच्या बोअरचं पाणी पिणारी. खरं सांगते मावशी, पहिल्यांदा मला आनंद झाला. भीती नाही, आनंद. इतक्या स्पष्ट आकड्यांचा निबंध कुठंही छापून येईल, हे आधी डोक्यात आलं. त्या तेरा घरांतली माणसं मागून आली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सर म्हणाले, पुन्हा नमुने घे. मी म्हणाले, घेते, पण आधी लोकांना सांगायला हवं. मोठ्या तोंडानं निघाले. तुझ्याकडे न येता थेट सरपंचांच्या ओट्यावर गेले आणि दहा-वीस माणसांसमोर सांगून मोकळी झाले की बोअरच्या पाण्याचा संशय आहे, काही दिवस पिऊ नका. तुला नंतर कळलं. ऊन रणरणत होतं आणि दुसऱ्या दिवसापासून बाया मैलभर लांबच्या जुन्या आडावर जायला लागल्या. गयाबाईची सून, सुमन, सातव्या महिन्यात होती. पोटातल्या बाळाला काही झालं असेल या धसक्यानं तिनं अन्नपाणी टाकलं.

तू मला मागच्या खोलीत नेलंस आणि दार लावलंस. ओरडशील असं वाटलं होतं. तू हळूच विचारलंस, "वंदू, थेंब टाकला व्हता का?"

मी भडकले. "मावशी, हे तुझ्या नळीतलं अल्ब्युमिन नाही. केवढं मोठं मशीन आहे ते! ते चुकत नाही."

"मशीन न्हाई चुकत. पर मान्सं?"

मी न जेवता निघून गेले. तू अडवलं नाहीस. डबा मात्र बसमध्ये आणून दिलास.

नंतर तू काय केलंस ते मला पुढं कळलं. मी आकड्यांकडे बघत बसले होते, तू माणसांकडे गेलीस. घरोघर एकच विचारलंस: बाटली कशी भरली ते मला करून दाखवा. गयाबाईनं अभिमानानं दाखवलं. तिनं बाटली आधी चुलीतली राख लावून काथ्यानं आतून घासली, मग बोअरच्या पाण्यानं तीनदा खळखळून धुतली, मगच भरली. "दुसऱ्याचं भांडं हाय, सिस्टर. तसंच कसं द्यावं? मुताची का असंना, बाटली लख्ख पाह्यजे." आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा न घासता परत जात नाही. मुंबईहून आलेल्या बाटलीची तर गोष्टच वेगळी. तेराही घरांत हेच. ज्यांनी आळस करून तशीच भरून दिली, त्यांचे आकडे छान. माझ्या हिशोबात गावातली नेटकी घरं आजारी निघाली होती आणि ऐदी घरं ठणठणीत.

आता जमिनीतल्या पाण्यात युरेनियम लघवीपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि तरीही ते पाणी पिण्याला चांगलं असतं, कारण प्यालेल्यातलं फारच थोडं अंगात शिरतं. पण बाटलीच्या तळाशी राहिलेले त्या पाण्याचे चार थेंब आणि राखेचा एखादा कण अब्जाव्या भागाच्या हिशोबाची वाट लावायला पुरेसे. हे मला माहीत असायला हवं होतं. मला बाटली ॲसिडात बुडवायचं ठाऊक होतं, पण ती माझ्या हातातून ज्या हातात जाणार तो हात मी लक्षात घेतला नव्हता. मी त्याच मातीतली असून.

तू मला फोन करून हे सांगू शकली असतीस. नाही केलंस. मला पार्सल आलं. त्यात ती जास्तीची बाटली, वर तुझ्या अक्षरात: नंबर एकेचाळीस, ओळखीची बाई, वय माहीत नाही, पाणी बोअरचं. सोबत इंजेक्शनासाठी लागणाऱ्या शुद्ध पाण्याच्या दोन न फोडलेल्या काचेच्या कुप्या. त्या कशासाठी ते कळेना. मी बाटली मशीनवर लावली. आकडा आला चांगलाच वर. तडक बाहेर जाऊन फोन लावला. तू आरोग्य केंद्रात मीटिंगला गेली होतीस, तिथं बोलावून घेतलं.

"मावशी, एकेचाळीस कोण आहे? हिलाही जास्त आहे."

"तिला लघवी म्हनतीस व्हय?" तू म्हणालीस. "ती तर पानी हाय. कुप्या फोडून भरलीय मीच. बाटली तेवढी गयाबाईकडून धुवून घेतल्ती. न फोडलेल्या दोन कुप्या धाडल्यात, त्याबी लावून बघ. मंग मला सांग."

लावून पाहिल्या. कोऱ्या. मावशी, आमच्या प्रयोगशाळेत तुझ्याइतका नेटका पुरावा मी क्वचित पाहिला. सरांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "या बाईंना इथे नोकरीला आण." मी टेबलावर डोकं टेकून रडले. लाजेनं, आणि सुमनला काही नाही या सुटकेनंही.

नव्या बाटल्या घेऊन आले. या वेळी कागदावर पहिलीच सूचना: बाटली धुवू नये. चाळीसच्या चाळीस आकडे साधे, सरळ, जसे असायला हवे तसे. लोकांना सांगायचा दिवस आला. शाळेच्या ओट्यासमोर सगळा गाव जमला. माझे पाय कापत होते. काय बोलायचं ते पाठ करून आले होते. मी तोंड उघडणार एवढ्यात तू उठलीस, कमरेवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "बोअरचं पानी चांगलं हाय, बराबर तपासून झालंय. चूक माझी झाली. वंदूनं सांगितलं व्हतं बाटल्या धुवायच्या न्हाईत म्हनून. मीच तुमाला सांगायची इसरले. हसायचं तेवढं हसून घ्या आन् उद्या लसीला पोरं घिऊन या."

गाव हसलं. सुमन रडली, मग तीही हसली. आणि मी गप्प बसले.

संध्याकाळी तुझ्याशी भांडले. खोटं का बोललीस म्हणून. तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "मला हितं राह्यचंय. माझ्यावर हसतेन आन् उद्या माझ्याकडंच येतेन. तुझ्यावरचा इस्वास गेला, तर तुझ्यामागून येनाऱ्या कोनालाच बाटली देनार न्हाईत." मी म्हणाले, खरं ते खरं. तू म्हणालीस, "हां. पर खरं तुला सांगता येत व्हतं का आज? थरथर कापून राह्यली व्हतीस." हे भांडण आपलं कधीच संपलं नाही. दर भेटीत मी म्हणायची, या खेपेला सांगून टाकते. तू म्हणायचीस, आता कशाला, लोकांचं हसणं हिरावून घेतीस का? आणि मी दर वेळी, खरं सांगते, थोड्या आनंदानंच ऐकायची तुझं.

एका गोष्टीचा मात्र मला तुझा राग आहे आणि तो जाणार नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, तुझी किडनी काही एकदम गेली नव्हती. निवृत्त झाल्यावरसुद्धा तो दिवा आणि त्या नळ्या तू मागच्या खोलीत ठेवल्या होत्यास. तू स्वतःची लघवी स्वतः तापवून पाहिली होतीस. पांढरं झालं, थेंब टाकलास, विरघळलं नाही. मला सांगितलंस? नाही. दवाखान्यात मी ओरडले तर म्हणालीस, "थेंब टाकला व्हता गं. मंग तोंड बंद ठिवायचं काई कारन नव्हतं, पर तुझी परीक्षा चालू व्हती ना पोराची." माझ्या मुलाची बारावीची परीक्षा, मावशी! मी ग्रॅमचा अब्जावा भाग शोधत होते आणि तुझ्या चेहऱ्यावरची सूज दोन दिवाळ्या मला दिसली नाही. आली की आधी जेवायला बसायची, तू वाढायचीस, मी बोलत राहायची. एकदा जरी तुझ्याकडे नीट पाहिलं असतं तर!

पण रडायचं एवढंच. बाकी तुझ्याविषयी मनात आणलं की मन भरून येतं ते कौतुकानं. नळीचं वरचं तापवायला शिकवलंस. चुकले तेव्हा चूक दाखवलीस, आणि दाखवली तीही मशीनच्या भाषेत, म्हणजे मला मान खाली घालून ऐकावं लागलं. आजही आमच्या सूचनांच्या कागदावर पहिली ओळ तीच आहे, बाटली धुवू नये. नवी मुलं विचारतात, ही पहिली का? मी सांगते, माझ्या मावशीनं घातलीय.

आता परवाचं. लिंबाखाली सगळे हसत होते. मी कप खाली ठेवला आणि उभी राहिले.  "ती चूक मावशीची नव्हती," मी म्हणाले. "माझ्या कागदावर ती सूचनाच नव्हती. मावशीनं कागदावर होतं तेवढं सगळं सांगितलं होतं. मी चुकले, आणि तिनं ते स्वतःवर घेतलं, आणि मी इतकी वर्षं घेऊ दिलं."

 मला वाटलं, संपलं.

मग गयाबाईनं बसल्या जागेवरून माझा हात धरून मला खाली ओढलं. "बस गं बाई. आमाला म्हाईत न्हाई व्हय? ह्या सुमननंच कागद वाचून दाखवला व्हता. नऊ गोष्टी लिव्हल्या व्हत्या. त्यात धुन्याचं काई न्हवतं. समद्या गावाला म्हाईत हाय."

सुमननं मान हलवली. तिच्या शेजारी तिची मुलगी बसली होती, तीच ती सातव्या महिन्यातली, आता माझ्या खांद्याएवढी.

"मग इतकी वर्षं तिला हसत का राहिलात?" मी विचारलं.

"सिस्टर म्हनल्या, चूक माझी. तर मंग त्यांचीच," गयाबाई म्हणाली. "आमच्या घरची समदी बाळंतपनं त्यांनी केली. त्यांचं एवढंबी ऐकायचं न्हाई का?"

तेव्हा तू गाव फसवलंस असं तुला वाटत होतं, मला वाटत होतं, आणि गाव तुझ्या मनाप्रमाणे हसत होतं. मी गयाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून जशी रडले, तशी तू गेलीस त्या दिवशीही रडले नव्हते. निघताना तिनं, मी येताना दशम्या आणल्या होत्या तो माझाच डबा परत दिला, राखेनं घासून लख्ख केलेला.

मावशी, इतकी वर्षं मी ती नळी हातात धरून बसले होते गं. पांढरं दिसत होतं आणि थेंब टाकायची हिंमत होत नव्हती. परवा टाकला. विरघळलं.

तुझी,
वंदू